स्टोकसे येथील व्यापाऱ्याचा वाडा

इंग्लंडच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे राजांच्या सनदा, पार्लमेंटचे ठराव आणि मठांतून लिहिल्या गेलेल्या बखरी एवढ्यांचेंच स्मरण सामान्यतः होतें. परंतु दगड, चुना आणि लांकूड हींहि इतिहासाचीं साधनेंच आहेत. आणि कागदानें जें लपविलें तें भिंतीनें सांगितलें, असें पुष्कळदां घडतें. वेल्सच्या सरहद्दीलगत असलेल्या श्रॉपशायर परगण्यांत, लडलो शहरापासून सुमारें सात मैलांवर, ऑनी नदीच्या खोऱ्यांत असें एक साधन सातशें वर्षांहून अधिक काळ उभें आहे. त्याचें नांव स्टोकसे कॅसल. नांवांत 'कॅसल' म्हणजे किल्ला हा शब्द असला तरी तो खरा किल्ला नव्हे. तो एका लोंकरीच्या व्यापाऱ्याचा वाडा आहे. आणि तेराव्या शतकांतील इंग्रज धनिक कसा राहत होता, कशाची हौस बाळगीत होता आणि कशाला भीत होता, हें सांगणारा त्याच्याइतका पूर्ण साक्षीदार त्या देशांत क्वचितच सांपडेल.

मध्ययुगीन इंग्लंडांत जमिनीची व्यवस्था 'मॅनर' ह्या घटकावर आधारलेली होती. मॅनर म्हणजे स्थूलमानानें एक जहागीर. धन्याची खासगत शेती, कुळांनीं कसावयाचीं शेतें, गवताचीं कुरणें, रान, पाणचक्की आणि ह्या सर्वांतून उद्भवणारे तंटे तोडणारी धन्याची कचेरी, इतक्या गोष्टींचा तींत समावेश होई. ह्या जहागिरीच्या मध्यभागीं जें घर असे तें मॅनर हाऊस. धनी राहावयाचा तेथेंच, खंड भरावयाचा तेथेंच आणि न्याय मागावयाचा तोहि तेथेंच. साहजिकच त्या घराची रचना केवळ राहण्याच्या सोयीनें ठरत नसे. येणाऱ्या प्रत्येकाच्या मनावर धन्याच्या मानमरातबाचा ठसा उमटविणें हेंहि त्या रचनेचें एक काम असे.

स्टोकसेची जहागीर बाराव्या शतकांत 'से' नांवाच्या घराण्याकडे होती. 'स्टोक' म्हणजे वस्ती. तीस ह्या घराण्याचें नांव जोडून स्टोकसे हें ग्रामनाम रूढ झालें. पुढें ती व्हर्डन घराण्याकडे गेली आणि १२८१ सालीं लडलोच्या लॉरेन्सनें ती विकत घेतली. लॉरेन्स हा तलवारीच्या नव्हे, तर तराजूच्या जोरावर मोठा झालेला पुरुष होता. वेल्सच्या सीमेवरील मेंढ्यांची लोंकर गोळा करावी आणि ती समुद्रापलीकडे पाठवावी, हा त्याचा व्यवसाय. फ्लँडर्समधील विणकरांचे माग त्या काळीं इंग्रजी लोंकरीवर चालत असत. श्रूजबरी आणि लंडन येथें लॉरेन्सच्या पेढ्या होत्या. मोठमोठे उमराव त्याच्याकडून कर्ज काढीत आणि व्यापारविषयक धोरण ठरवितांना राजा त्याचा सल्ला घेई. अशा माणसानें स्टोकसेच्या मोबदल्यांत सरंजामी रिवाजाप्रमाणें जी वार्षिक भेट द्यावयाची ती काय? शिक्र्याच्या जातीचा एक लहानसा शिकारी पक्षी. पैसा नव्या युगाचा आणि शिष्टाचार जुन्या युगाचा, असा तो संधिकाल होता.

काळहि अनुकूल होता. वेल्सची सरहद्द ही कित्येक पिढ्या लुटालुटीची आणि जाळपोळीची भूमि होती. परंतु १२८२ सालच्या डिसेंबरांत वेल्सचा राजपुत्र लेवेलिन हा मारला गेला आणि पुढील वर्षीं पहिल्या एडवर्ड राजानें वेल्स देश पूर्णपणें जिंकला. सीमेवर शांतता नांदूं लागतांच लॉरेन्सनें बांधकामास हात घातला. छपराच्या तुळयांचीं वर्तुळें मोजून तें झाड कोणत्या वर्षीं तोडलें हें आतां शास्त्रज्ञांना सांगतां येतें. त्या परीक्षेवरून ह्या वाड्याचें लांकूड १२८० ते १२९० ह्या दशकांत तोडलेलें आहे असें ठरलें. १२९० नंतर थोड्याच काळांत धनी आपल्या नव्या घरांत राहावयास आला.

वाड्याभोंवतीं खंदक आहे. त्याच्या आंतल्या कडेनें एक तट होता. खंदकाच्या तळापासून त्याची उंची ३४ फूट भरत असे. तटाच्या आंत सुमारें १५० फूट लांब आणि १२५ फूट रुंद असें अंगण असून त्याच्या पश्चिम बाजूस वाड्याच्या मुख्य इमारती एका ओळींत उभ्या आहेत. उत्तरेस एक बुरूज, मध्यें मोठें दालन, त्यास लागून धन्याची खोली आणि दक्षिणेस दुसरा बुरूज, असा तो क्रम आहे. स्वयंपाकघर अंगणांत निराळें होतें. तें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास पाडलें गेलें.

मोठें दालन हा मॅनर हाऊसचा प्राण. स्टोकसेचें दालन ५४ फूट लांब आणि ३१ फूट रुंद आहे. त्यांत मधला मजला नाहीं. जमिनीवर उभें राहिलें म्हणजे दृष्टि थेट आढ्याला भिडते. एवढ्या रुंदीवर छप्पर घालावयाचें तर सामान्य सुतार मध्यें खांबांच्या रांगा उभ्या करता. परंतु तसें केल्यास दालनाचे तीन भाग पडतात आणि धन्याच्या आसनाकडे पाहणाऱ्याच्या दृष्टीला अडथळा होतो. येथील सुतारांनीं निराळाच उपाय योजला. मोठाल्या वांकड्या तुळया समोरासमोरच्या भिंतींतून उगवल्याप्रमाणें वर नेऊन त्यांनीं तीन प्रचंड लांकडी कमानी उभारल्या आणि आडव्या तुळयांनीं त्या एकमेकींस जखडून टाकिल्या. साऱ्या छपराचा भार ह्या कमानींनीं पेलला, आणि दालन मोकळें राहिलें. तेराव्या शतकांतील अशा तऱ्हेचें आणि एवढें मोठें छप्पर आज अत्यंत दुर्मिळ आहे. कमानींचे पाय कालांतरानें कुजले. तेव्हां एकोणिसाव्या शतकांत त्यांच्याखालीं दगडी आधार बसविण्यांत आले. तो जोड लपविलेला नाहीं. कोणाच्याहि दृष्टीस तो पडतो.

दालनाच्या मध्यभागीं जमिनीत एक अष्टकोनी आगटी होती. तिची जागा अद्याप दिसते. भिंतींत धुरांडें नव्हतें. लांकडें दालनाच्या मध्यावर पेटत, धूर उंच चढून छपरांत भरे आणि तेथून बाहेर जाई. वरच्या तुळया त्या धुरानें काळ्या पडल्या, त्या आजहि तशाच आहेत. उंच खिडक्यांच्या वरच्या भागास कांच होती; खालच्या भागास मात्र केवळ लांकडी झडपा होत्या. वारा आंत यावयाचा, धूर डोळ्यांत जावयाचा आणि तरीहि सारें घर त्याच दालनांत जेवावयाचें. श्रीमंतीची कल्पना प्रत्येक युगांत बदलते. त्या काळीं ऊब आणि एकांत ह्यांपेक्षां विस्तार, उंची आणि पंगतीला बसणाऱ्यांची संख्या हींच श्रीमंतीचीं लक्षणें होतीं.

दालनाच्या उत्तर टोंकास भिंतीला लागून एक लांकडी जिना वर चढतो. त्याची प्रत्येक पायरी म्हणजे झाडाच्या बुंध्याचा एकसंध ठोकळा आहे. हा जिनाहि लॉरेन्सच्याच काळचा. सातशें वर्षें माणसें ज्या पायऱ्यांवरून चढलीं त्या अजून जागच्या जागीं असाव्या, ही लांकडाच्या बाबतींत सामान्य गोष्ट नव्हे. ह्या जिन्यानें उत्तरेकडील बुरुजांत जातां येतें. तेथें पहिल्या मजल्यावर मध्ययुगीन फरसबंदी आढळते, आणि अगदीं वरचा मजला लांकडी सांगाड्याचा असून तो दगडी भिंतीच्या बाहेर पुढें झुकलेला आहे. सतराव्या शतकांत त्याची पुष्कळशी नवी बांधणी झाली. तथापि त्यांत जुन्या बांधकामाचा अंशहि शिल्लक आहे.

दालनाच्या दुसऱ्या टोंकापलीकडे, पहिल्या मजल्यावर धन्याची खासगी खोली आहे. इंग्रज तिला 'सोलर' म्हणतात. तींत जाण्यासाठीं दालनांतून थेट वाट नाहीं. अंगणांतल्या बाहेरच्या जिन्यानें वर जावें लागतें. मात्र ह्या खोलीच्या भिंतीत दोन लहान झरोके ठेविलेले असून त्यांतून खालच्या दालनांत काय चाललें आहे तें पाहतां येई. धनी पंगतींतून उठून गेला तरी त्याची नजर पंगतीवरून उठत नसे! सर्वांबरोबर बसणें आणि सर्वांपासून वेगळें असणें, ह्या दोन्ही गरजा एकाच घरांत कशा सांधल्या, हें ह्या दोन झरोक्यांवरून जितकें स्पष्ट होतें तितकें एखाद्या ग्रंथाच्या प्रकरणावरूनहि होणार नाहीं.

१२९१ सालीं लॉरेन्सनें राजाकडून आपल्या घरास तट आणि चर्या बांधण्याची सनद मिळविली. अशा सनदेवांचून कोणा प्रजाजनानें घराला किल्ल्याचें रूप देऊं नये, असा दंडक होता. म्हणून ती सनद हाच एक बहुमान समजला जाई. दक्षिणेचा बुरूज ह्या सनदेच्या सुमारास उभा राहिला. तो तीन मजली आणि विषम पंचकोनी असून त्याच्या जाड भिंतींच्या पोटांतच जिने आणि शौचकूप बसविलेले आहेत. माथ्यावर चर्यांची रांग आहे. प्रत्येक मजल्यावर ह्या पोकळ्यांची जागा बदलत गेल्यामुळें भिंती कमकुवत झाल्या, आणि बांधकाम चालू असतांनाच बाहेरून दोन भक्कम आधारभिंती द्याव्या लागल्या. लढवय्याचा आव आणणाऱ्या ह्या बुरुजास आरंभापासूनच टेंकूची गरज लागावी, हा एक योगायोगच म्हणावयाचा.

येथेंच ह्या वाड्याच्या शिल्पांतील मुख्य विसंगति नजरेस येते. एकीकडे खंदक, तट, चर्या आणि बुरूज. आणि दुसरीकडे दालनाच्या बाहेरच्या अंगास, थेट खंदकाकडे तोंड केलेल्या, मोठमोठ्या उंच खिडक्या. ज्याला खरोखरच वेढ्याची धास्ती आहे तो शत्रूच्या बाजूला अशा खिडक्या ठेवीत नाहीं. मग हा बंदोबस्त कोणासाठीं? सीमाप्रांतांतील चोरदरोडेखोरांना तो पुरेसा होता. सैन्यापुढें तो टिकणार नाहीं हें बांधणाऱ्यासहि ठाऊक असलें पाहिजे. बुरुजाचा खरा रोख शत्रूकडे नसून शेजाऱ्यांकडे होता. ज्यांच्या वंशांत चार पिढ्यांचे किल्ले होते अशा उमरावांच्या पंक्तींत लोंकरीच्या व्यापाऱ्यास बसावयाचें होतें, आणि ती पंक्ति ओळखीत असलेली भाषा दगडाचीच होती. तीच भाषा तो बोलला. मात्र बोलतांना घरांतला उजेड गमावण्याची त्याची तयारी नव्हती.

हें सुख त्यास फार काळ लाभलें नाहीं. १२९४ सालीं फ्रान्सशीं युद्ध जुंपलें आणि एडवर्डला पैशाची निकड पडली. १२७५ पासून परदेशीं जाणाऱ्या लोंकरीच्या दर पोत्यास ६ शिलिंग ८ पेन्स जकात पडत असे. ती ह्या वर्षीं ४० शिलिंगांवर, म्हणजे सहापटीवर गेली. ह्या वाढीस मोठ्या व्यापाऱ्यांनीं संमति दिली होती आणि त्यांत लॉरेन्स प्रमुख होता. जकातीचा बोजा व्यापाऱ्यांनीं आपल्या अंगावर ठेविला नाहीं. लोंकरीचा भाव पाडून त्यांनीं तो मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांवर आणि मठांवर ढकलला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत लोंकर घेऊन निघालेलें लॉरेन्सचें जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडालें आणि तो त्यांत मरण पावला. एका मठांतील बखरकारानें, लोंकर विकणाऱ्यांचा अपराध केल्याबद्दल हें शासन त्यास मिळालें, अशा आशयाची नोंद करून ठेविली आहे. वाडा सुरक्षित राहिला. धनी मात्र तटाबुरुजांचा कांहींच उपयोग नव्हता अशा ठिकाणीं गेला.

लॉरेन्सच्या वंशजांनीं 'लडलो' हेंच आडनांव धारण केलें आणि सुमारें दोनशें वर्षें वाडा त्यांच्याकडे राहिला. नंतर विवाहसंबंधानें तो व्हर्नन घराण्यांत गेला, आणि कर्जबाजारीपणामुळें विकला जाऊन १६२० सालीं क्रेव्हन घराण्याच्या हातीं आला. ह्या काळांत सोलरच्या भिंतींना लांकडी तक्तपोशी झाली आणि शेकोटीवर रंगीत कोरीव काम करण्यांत आलें. १६४० आणि १६४१ सालीं अंगणाच्या तोंडाशीं एक नवी देवडी उभी राहिली. ती दगडाची नाहीं. लांकडी चौकटींत गिलावा भरून ती केलेली आहे. तिच्यावर आदम आणि हव्वा, त्यांस मोह पाडणारा सर्प, देवदूत आणि अजगर कोरलेले आहेत. साडेतीनशें वर्षें खऱ्याखुऱ्या वेढ्यावांचून गेल्यावर प्रवेशद्वाराचें काम केवळ पाहुण्यांचें स्वागत करणें एवढेंच उरलें आहे, असें मालकांस वाटलें असेल तर नवल नाहीं.

आणि पुढच्याच वर्षीं, १६४२ सालीं, राजा आणि पार्लमेंट ह्यांच्यांत यादवी युद्ध पेटलें. क्रेव्हन घराणें राजपक्षाचें. म्हणून वाड्यांत राजाची शिबंदी बसली. १६४५ सालच्या जूनमध्यें पार्लमेंटचें सैन्य वाड्यासमोर येऊन उभें राहिलें. शरण येण्याविषयीं पहिला निरोप गेला, तो नाकारला गेला. दुसरा गेला आणि दारें उघडलीं. साडेतीन शतकें ज्या क्षणाची वाट पाहत तो बुरूज उभा होता तो क्षण आला, आणि लढाई न होतांच निघून गेला. १६४७ सालीं पार्लमेंटनें अशीं ठाणीं निकामी करण्याचा हुकूम दिला. परंतु स्टोकसे येथें केवळ तट खालीं उतरविण्यांत आला. वाडा बचावला. न लढलेल्या घराला पाडण्याचें कारणच नव्हतें.

त्यानंतरचा काळ वैभवाचा नाहीं, पण महत्त्वाचा आहे. मालक येथें राहत नसत. अठराव्या शतकांत वाडा कुळांकडे गेला. दालनांत धान्य सांठविलें जाऊं लागलें आणि दक्षिण बुरुजाच्या तळघरांत पिंपें बनविण्याचा धंदा चालूं लागला. १८३० सालीं त्या बुरुजास आग लागून आंतले मजले जळाले. हा अपमान खराच. परंतु ह्याच शतकांत इंग्लंडांतील दुसऱ्या कित्येक मॅनर हाऊसचें काय झालें तेंहि पाहिलें पाहिजे. जीं घरें धनवान आणि हौशी मालकांच्या हातीं राहिलीं त्यांच्या खिडक्या रुंदावल्या, मोठ्या दालनांत मजले पडले, ग्रीक पद्धतीचे खांब पुढें आले; आणि मूळ घर नव्या घराच्या पोटांत नाहींसें झालें. स्टोकसेला बदलण्याइतका रस कोणालाच नव्हता. उपेक्षेनें त्याची कौलें उडविलीं, पण त्याचें रूप राखलें.

मात्र उपेक्षा ही कायमची रक्षक होऊं शकत नाहीं. आणखी एखादें शतक तशींच गेलें असतें तर छप्पर खालीं आलें असतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस स्टॅकहाऊस ॲक्टन ह्या श्रॉपशायरमधील विदुषीनें ह्या वाड्याच्या रक्षणासाठीं चळवळ केली. टर्नर ह्या वास्तुशास्त्राच्या अभ्यासकानें १८५१ सालीं त्याचें महत्त्व ग्रंथांत नमूद केलें, आणि क्रेव्हनच्या अर्लनें १८५० नंतरच्या दशकांत कांहीं दुरुस्ती करविली. पुढें १८६९ सालीं जॉन डर्बी ऑलक्रॉफ्ट ह्यानें ही सारी जहागीर विकत घेतली. हा गृहस्थ हातमोज्यांचा कारखानदार होता. म्हणजे सुमारें सहाशें वर्षांनीं स्टोकसे पुन्हां एका व्यापाऱ्याकडे आलें! ह्या दुसऱ्या व्यापाऱ्यापाशीं वाड्याचें हवें तें करण्याइतका पैसा होता. ज्या काळांत पुराणवस्तूंच्या प्रेमापोटीं त्यांवर नव्या चर्या, नवीं शिखरें आणि नवीं शिल्पें चढविण्याची लाट उसळली होती, त्या काळांत ऑलक्रॉफ्टनें कुजलेलें तेवढें बदललें, पडतें तेवढें सावरलें आणि बाकीचें जसें होतें तसें राहूं दिलें. स्वतःसाठीं त्यानें जवळच निराळा मोठा बंगला बांधला.

विल्यम मॉरिस आणि त्याचे सहकारी ह्यांनीं १८७७ सालीं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं संस्था काढून जें तत्त्व मांडलें तें हेंच होतें. जुन्या इमारतीची निगा रोज राखावी, पण तिच्या तोंडीं आपले शब्द घालूं नयेत, असा त्याचा मथितार्थ. कायद्यास मात्र हें तत्त्व पचनीं पडावयास वेळ लागला. १८८२ सालच्या ब्रिटिश कायद्यानें मुख्यतः प्रागैतिहासिक अवशेषांनाच आश्रय दिला होता. हिंदुस्थानांत १९०४ सालीं प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा करविणारे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हेच स्वदेशीं परतल्यावर १९११ सालीं लिंकनशायरमधील टॅटर्शल कॅसल विकत घेऊन त्याच्या रक्षणास उभे राहिले, आणि १९१३ सालीं इंग्लंडांत अधिक प्रभावी कायदा झाला. तरीहि माणसें राहत असलेलीं घरें त्याच्या कक्षेबाहेरच राहिलीं. अशा घरांना व्यापक संरक्षण मिळालें तें १९४७ च्या नगररचनेच्या कायद्यानें इमारतींच्या याद्या करण्याची पद्धत सुरू झाल्यावर.

ऑलक्रॉफ्ट कुटुंबानें वाडा पाहण्यासाठीं लोकांना खुला केला. १९८६ सालीं त्याची देखभाल इंग्लिश हेरिटेज ह्या संस्थेकडे सोंपविण्यांत आली, आणि १९९२ सालीं शेवटच्या खासगी मालकिणीच्या मृत्यूनंतर तिच्या इच्छेप्रमाणें वाडा संस्थेचाच झाला. आज तो संरक्षित स्मारक असून इमारतींच्या यादींत त्याची प्रथम श्रेणींत नोंद आहे. दालनांत मुद्दाम सामान मांडून राजवाड्याचा देखावा केलेला नाहीं. रिकाम्या जमिनीवर आगटीची जागा, वर काळवंडलेल्या तुळया, बाजूस बुंध्यांचा जिना आणि भिंतीत ते दोन झरोके, एवढेंच पाहुण्यास दिसतें.

जुनें राखावयाचें म्हणजे तें नव्यासारखें करावयाचें, अशी समजूत सर्वच देशांत आढळते आणि तिच्यापायीं पुष्कळ अस्सल गोष्टी लयास गेल्या आहेत. स्टोकसेचा इतिहास दोन धोके दाखवितो. उपेक्षा घराला हळूहळू मारते. उत्साह त्याला एका वर्षांत मारूं शकतो. सहाशें वर्षांच्या अंतरानें दोन व्यापारी ह्या भूमीचे मालक झाले. पहिल्यानें आपली ऐपत बांधून दाखविली. दुसऱ्याची ऐपत त्याहून मोठी होती, आणि तिचा उपयोग त्यानें येथें हात आवरण्यासाठीं केला. पहिल्याचें काम आज पाहावयास मिळतें तें दुसऱ्याच्या ह्या संयमामुळें.